उजव्या गालावरची माणसं

पाराटेने हा माओरी गावातला नावाजलेला कोरक्या. पोरांना लाकडात कोरायला शिकवताना तो एका चुकीवर हमखास खेकसायचा. "अरे गाढवा, पूर्वज तुझ्यासमोर उभा आहे. तुझा उजवा हात म्हणजे त्याचा उजवा गाल नव्हे!" आणि गावाच्या नव्या सभागृहाच्या मुख्य खांबावर गावाचा पूर्वज रोंगोकाहा याचा चेहरा कोरताना या शहाण्यानं स्वतःच ती चूक केली.

चेहऱ्यावरचं गोंदण म्हणजे त्या माणसाचं कूळ. उजव्या गालावर आईकडचं, डाव्यावर बापाकडचं, अशी या गावची रीत. खांब उभा राहिला, पाराटेने मागे सरून कौतुकानं बघायला गेला आणि तेव्हा कुठे त्याला चूक दिसली. आईची माणसं बापाच्या जागी जाऊन बसली होती.

खांबासाठी तोताराचं झाड दिलं होतं रिपेका मावशीनं. ती रोंगोकाहाच्या आईच्या कुळातली. ते कूळ आता संपत आलेलं. झाड देताना ती एवढंच म्हणाली होती, "मला काही नको. आमची माणसं त्यांच्या जागेवर बसव, म्हणजे झालं."

तिच्याकडे जाऊन सांगता आलं असतं. पण सभागृह उघडायचा दिवस ठरला होता, गावोगाव निरोप गेले होते, आणि पाराटेनेचं नाव मोठं होतं. शिवाय मावशीला आता दिसतं तरी कुठे? हा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. तरी तो गप्प बसला तो बसलाच.

सभागृह उघडायच्या पहाटे चुलतभाऊ होहेपानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "काय रे, सुतकी तोंड करून उभा? आज तुझा मान आहे!"

"झोप नाही झाली," पाराटेने म्हणाला.

म्हाताऱ्यांचे मंत्र संपले. रीतीप्रमाणे उंबरा आधी बाईनं ओलांडायचा. तो मान रिपेका मावशीचा. ती आत शिरली ती काठी टेकत थेट खांबापाशी गेली, उजव्या गालाला तिनं कपाळ टेकवलं आणि ओक्साबोक्शी रडली. आपल्या मेलेल्या माणसांची एकेकाचं नाव घेऊन चौकशी केली. दारातले लोकही डोळे पुसू लागले. पाराटेनेला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

मग तिची बोटं गालावरून फिरू लागली. थांबली. पुन्हा फिरली. तिनं डावा गाल चाचपला.

"पाराटेने."

"इथेच आहे, मावशी."

"तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलायला जीभ उचललीच नाही. "हो. खांब उभा केला तेव्हापासून."

"चुकलास, त्याचं काही नाही रे. सांगितलं असतंस तर चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा पाजला असता." तिचा आवाज अगदी खाली गेला. "पण सगळ्या गावासमोर तू मला दुसऱ्यांच्या माणसांपाशी रडू दिलंस."

"नवा खांब कोरतो, मावशी. आजच सुरुवात करतो."

"कोर. झाड मात्र आमच्याकडे मागू नकोस."

त्यानं आधाराला हात पुढे केला. ती काठी चाचपडत एकटीच दाराकडे निघाली.