शेवटच्या रांगेतले गार्ड

दुर्गजवळच्या कोहक्यात आमच्या शेजारी एक गार्डकाका राहतात. रेल्वेच्या दुर्ग लाइनवरून रिटायर झालेत. गल्लीत कुणी विमानाचं तिकीट काढलं की काका भिंतीवरच्या नकाशावर दोन शहरांमध्ये दोरा ताणतात, तो बोटांनी मोजतात आणि निकाल देतात. "रायपूर ते पुणे साडेआठशे किलोमीटर. दोन तासाच्या आत पोचलं पायजे!"

यंदा मुलीकडे जायला ते पहिल्यांदाच विमानात बसले, माझ्यासोबत. काउंटरवर त्यांनी हट्टाने शेवटच्या रांगेतली खिडकी मागून घेतली. "गार्ड मांगंच बसते," म्हणाले. विमान हलायच्या आधी त्यांनी खिशातून हिरवा रुमाल काढून खिडकीशी धरला.

मी म्हटलं, "काका, पायलटले दिसून नाही राहिलं."

"नाही दिसो. हिरवी दाखवल्याबिगर मी गाडी कशी सोडू?"

पुण्यात चाकं टेकताच त्यांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं बिफोर!" विमान जणू त्यांनीच आणलं होतं. सगळे उतरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग खाली येऊन, विमानतळाची बस थांबलेली असताना, विमानाच्या नाकाकडे तोंड करून त्यांनी पुन्हा रुमाल हलवला. लोक बघू लागले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात वरच्या काचेतून पायलटने हात उंचावला.

काका छाती फुगवून बसमध्ये चढले. "पाहिलं न? डायवरनं जवाब देल्ला."