न विचारता चालणारं मशीन

आमचे बाबा पाणीपुरवठा कार्यालयात नळांचे नकाशे सांभाळतात. तिथे चौदा संगणक आहेत. एकालाही इंटरनेट नाही, म्हणून व्हायरस येणं शक्यच नाही, असं साहेबांचं ठाम मत. नकाशे एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायला बाबा आहेतच; खिशात पेनड्राइव्ह घेऊन दिवसभर टेबलं पालथी घालतात.

ड्राइव्ह खुपसला की त्यात असेल ते मशीनने आपोआप चालू करावं, ही बाबांच्या लेखी शिस्त. दुरुस्तीवाल्या बाईंनी एकदा ती सोय बंद केली. म्हणाल्या, "काका, कोणाच्या ड्राइव्हमध्ये काय असेल, काय नेम! मशीनने आधी विचारायला नको?" बाबांनी लेखी तक्रार ठोकली: 'यंत्रे कामचुकार झाली आहेत.' साहेबांनी सोय पुन्हा चालू करून घेतली. उंटावरच्या शहाण्यांना आमच्याकडे बढती मिळते.

मग एका ठेकेदाराचा ड्राइव्ह आला. बाबांनी तो लावला आणि नकाशे उघडेनासे झाले. दुसरा कोणी हात बांधून गप्प बसला असता. बाबांनी बिघडलेल्या फायली आपल्या ड्राइव्हवर घेतल्या आणि दुसऱ्या मशीनला लावल्या, तिथे तरी उघडतात का बघायला. मग तिसऱ्या. मग चौथ्या. पाच वाजेपर्यंत चौदाच्या चौदा आडवी झाली होती.

तरी हार मानतील तर ते बाबा कसले! ते घरी आले. मी भाजी आणायला गेले होते.

माझ्या मशीनवर माझा प्रबंध होता. विषय गांडुळं, वर्षं तीन, जमा करायला दिवस बारा. दुसरी प्रत मी उद्या काढणार होते. तीन वर्षं उद्याच काढणार होते. ती आपोआप चालण्याची सोय मात्र मी न विसरता बंद ठेवली होती. बाबांनी आदल्याच आठवड्यात ती मला न सांगता, मदत म्हणून चालू करून दिली होती.

"बाबा, तुम्ही इथे ड्राइव्ह लावलात?"

"फक्त बघितलं गं. इथेही उघडत नाहीत."

मी नको नको ते बोलले. त्यातल्या निम्म्या शब्दांची मला अजून लाज वाटते, निम्म्यांची नाही.

पहिली चार प्रकरणं मार्गदर्शक बाईंकडे छापील होती, लाल शाईने रंगवलेली. बाबांनी ती आणली, रजा टाकली आणि दोन बोटांनी टाइप करायला बसले. इतकी वर्षं गांडुळं म्हटलं की नाक मुरडणारा हा माणूस आता मध्येच थांबून आईला वाचून दाखवायचा. "ऐक, ही माती गिळतात आणि चांगली करून परत देतात! आपल्या पोरीने मोजलंय हे, एकेक!"

नवव्या दिवशी चौथं प्रकरण संपलं. बाबांनी बोटं मोडली आणि माझ्यापुढे हात केला.

"मग शेवटी काय निघालं गं? पाचवं दे."

"तेच गेलं, बाबा."