नाव पटावर, मुलगी ओट्यावर

मागच्या उन्हाळ्यात जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक आणि पहिलीच्या मॅडम आमच्या दारावरून पुढे निघून गेले. या उन्हाळ्यात थांबले.

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात शिक्षक घरोघर फिरून मुलं मागतात. बरीच मुलं सकाळी पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. उरलेल्यांनी पट भरला नाही, तर शिक्षकाचं एक पद जातं. यंदा एक नाव कमी पडत होतं. आमची मुलगी सात वर्षांची होती. जन्मापासून तिचे पाय ताठर, बोलणं संथ. वॉकर धरून ती अंगण ओलांडते. शाळा घरासमोरच आहे. माइकवरून ऐकून ऐकून सगळा परिपाठ, प्रतिज्ञेसकट, तिला पाठ झालेला.

मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो. गावात एकही मूल शाळाबाह्य नाही, ही बातमी मागच्या वर्षी मीच दिली होती. मजकूर मुख्याध्यापकांचा होता. मी तो टाइप करत असताना मुलगी माझ्या खुर्चीला धरून उभी होती. छापून आलेली बातमी बायकोने वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

“पोरीचं नाव द्या भाऊ,” मुख्याध्यापक म्हणाले. “बाकी आमी पाहून घेतो.”

“वर्गात बसन ना पण पोरगी?” बायकोने विचारलं.

“नाव त लागू द्या ताई आधी.”

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मी वाशीमला तीन चकरा मारल्या होत्या. त्याची झेरॉक्स दिली, आधारची दिली. मग एक छापील अर्ज पुढे आला. मुख्याध्यापकांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली. इतक्या चकरांनंतर कोणी स्वतःहून कागद पुढे करतंय, एवढंच माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे शाळा जूनअखेर उघडते; जून सरता सरेना. दप्तर आणलं, ते मुलगी जेवतानाही पाठीवरून काढेना. मी दोन-तीनदा बंद शाळेत जाऊन आलो. वर्गाला पायऱ्या तीन. बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला उतार. उतारावर मुख्याध्यापकांची मोटारसायकल. सुट्टीतही ते पट जुळवायला येत आणि गाडी तिथेच, सावलीत लावत.

पहिल्या दिवशी नव्या मुलांना ट्रॅक्टरमध्ये बसवून गावातून मिरवतात. मुलगी रिबीन बांधून, दप्तर घेऊन ओट्यावर बसली होती. ट्रॅक्टर आला. फुगे बांधलेले, मुलं ओरडत होती. ड्रायव्हरने वेग कमी केला, पण मागून कोणीतरी “चालू दे, चालू दे” म्हणालं आणि तो गेला. मुलगी बराच वेळ हात हलवत राहिली.

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी न चिडता फाइल काढली. अर्जात एका चौकटीत खूण होती : गृहाधारित शिक्षण, पालकांच्या संमतीने. खाली माझी सही.

“महिन्यातून एखांद्या वेळी मॅडम येतीन घरी शिकवाले,” ते म्हणाले. “तुमालेच सोपं. इथं पडली-झडली त कोन पाहीन? मले सांगा.”

पंधरा वर्षं मी लोकांकडे सहीचे कागद मागत आलो आहे. सही दिसली की विषय संपला, असं मानून बातम्या दिल्या आहेत.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

“दुनियेच्या कागदातल्या चुका काहाडता,” ती म्हणाली, “अन् पोरीचा कागद वाचला नाही? कायले केली सही?”

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी तिने मुलीला वॉकरसह पहिलीच्या रांगेत नेऊन उभं केलं. मी फाटकाशी थांबलो. मुख्याध्यापक आले.

“ताई, असं नाही चालत. घरचं शिक्षन लिहेल हाय तिचं.”

“पटावर हाय ना पोरगी?”

“हाय.”

“मंग मोजा तिले.”

उतारावर गाडी होती. बायकोने मुलीला उचललं, तीन पायऱ्या चढली, वर्गात दाराजवळ बसवलं आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात बसली. मी खिडकीशी आलो. मॅडमनी हजेरी घेतली. शेवटचं नाव आमच्या मुलीचं होतं. पुढे पेन्सिलीने खूण, घरी शिकणारी म्हणून. मॅडम थांबल्या. दारातल्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते दारातून बाजूला झाले. मॅडमनी नाव घेतलं.

मुलीला शब्द जुळवायला वेळ लागतो. वर्गातली सगळी डोकी वळली. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ते मुकी हाय.” मी तिच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. बायकोने खालूनच माझी पँट धरून ओढली.

“हजर,” मुलगी म्हणाली.

मॅडमनी हजेरी लिहिली.

संमती रद्द करण्याचा अर्ज मी त्याच दुपारी दिला. दोनदा वाचला, बायकोने एकदा. पोच घेतली. निर्णय अजून आलेला नाही. पट मात्र भरला आहे आणि पद वाचलं आहे, त्यामुळे मुलीला घरी बसवा असं सध्या कोणी म्हणत नाही. कधी म्हणतील, ते सांगता येत नाही.

गाडीबद्दल मी मुख्याध्यापकांशी बोललो. आठवडाभर ती झाडाखाली होती. सोमवारी पुन्हा उतारावर दिसली. बातमीला बसलो तरी दहाला शाळा भरायच्या वेळी मी उठतो आणि एकदा उतार पाहून येतो.