ओढ्याकडची सिल्ट फेन्स

मंडळी, आज अर्विंग शहरातल्या आमच्या बांधकामाला स्टॉर्मवॉटर परमिटच्या, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर गाळ बाहेर जाऊ न देण्याच्या, अटी मोडल्याबद्दल नोटीस लागली. काम बंद आहे.

शुक्रवारी माझ्या हाताखालची इंजिनिअर सुनीता धावत आली. "ताई, ओढ्याकडची सिल्ट फेन्स..."

"साइटवर ताई-बिई चालणार नाही. आधी नीट बोलायला शीक!" मी सगळ्यांसमोर सुनावलं. ती तशीच मागे फिरली. मी फेन्स न बघताच तपासणीच्या कागदावर सही केली.

शनिवारच्या पावसात गाळ अडवणारी ती फेन्स आडवी झाली आणि चिखल ओढ्यात गेला.

"कुणाच्या लक्षात आलं नाही?" आज इन्स्पेक्टरनं विचारलं.

"माझं सांगायचं राहिलं," सुनीता म्हणाली.

आणि मी तोंड उघडलं नाही.

उद्या इन्स्पेक्टरला खरं सांगणारच आहे. पण पुढच्या वेळी काही बिघडलं, तर सुनीता मला सांगेल का?