दिलावरचे उसने कान

जुन्नरच्या दिलावर करवत्याशी सरळ दोन शब्द बोलून दाखवावेत, अशी पैज कुणी लावली असती तर ती जिंकणारा भेटला नसता. माणूस तोंडाचा फाटका, राग कायम नाकावर. समोरच्यानं "राम राम" म्हटलं तरी हा खेकसायचा, "तोंडात हळद कोंबलीय काय? नीट बोल की!" पण लाकडाची पारख करावी त्यानंच. उभ्या झाडाला कुऱ्हाडीची पाठ हाणायची, बुंध्याला कान लावायचा आणि आतून भरीव की पोकळ ते सांगायचं. त्याच्या एका शब्दावर जुन्नरपासून आंबेगावापर्यंत घरांची आढी चढत होती.

आणि हा पारखी ठार बहिरा होता!

एकोणीसशे तीनच्या पावसाळ्यात त्याला हिवताप झाला. पोस्टातून आणलेल्या कोयनेलाच्या पुड्या त्यानं सांगितल्याच्या तिप्पट खाल्ल्या. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. बायको आबेदा सोडली तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगून टाका, असं ती खुणावून थकली. पण बहिऱ्या पारख्याला विचारतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. माणसं जवळ आली की बिंग फुटणार, म्हणून तो माणसांवर भुंकायला लागला. लोक चार हात लांब राहू लागले, आणि लांबून बोलणारा माणूस तोंड मोठं उघडूनच बोलतो. दिलावर ओठ वाचायचा.

धंदा मात्र त्यानं एका पाखराच्या जिवावर चालवला. सौदा ठरायच्या आदल्या दिवशी तो एकटाच रानात जाऊन बसायचा. लाल तुऱ्याचा, सोनेरी पाठीचा सुतार पक्षी शेपटीचा टेकू देऊन बुंध्यावर चढायचा, टकटक करायचा, मान कलती करायचा. आत काही नसलं की सरळ पुढं. पण आत किडा वळवळत असला की पाखरू तिथंच ठाण मांडायचं, साल सोलायचं, ढलप्या उडवायचं आणि लांबलचक जीभ घालून किडा ओढून काढायचं. झाडाखाली ताज्या ढलप्या दिसल्या की दिलावर ते झाड मनात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत कुऱ्हाडीची पाठ हाणायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "पोकळ हाय. पुढं चला."

त्या रानाचा ठेका सावळेरामकडे होता. तो काही खुळा नव्हता, अर्धवट शहाणा होता, आणि ते जास्त वाईट. त्यानं पाहिलं की ज्या झाडावर सुतार पक्षी बसतो त्याच झाडाला दिलावर नाक मुरडतो. म्हणजे हे हरामखोर पाखरूच झाडं पोखरतं! त्यानं भिका शिकाऱ्याला ठासणीची बंदूक घेऊन बोलावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

दिलावरला एक वाक्य बोलायचं होतं. पाखरू झाड नासवत नाही, नासलेलं दाखवतं. पण मग सावळेराम विचारणार, तुला कशाला लागतं रे पाखरू? तुला तर कान आहेत. म्हणून तो गप्प बसला. एका वाळक्या सावरीच्या ढोलीत सुतार पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. भिकानं ढोलीचं तोंड चिखलानं आणि दगडाच्या कपच्यांनी बुजवून टाकलं. दिलावर खाली उभा होता. आतून चोचीचे घाव पडत होते. ते भिकाला ऐकू येत होते, तो हसत होता. दिलावरला नुसता ओला चिखल थरथरताना दिसला. बऱ्याच वेळानं तो थरथरायचा थांबला. दिलावरला स्वतःची शिसारी आली, तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

बाकीची पाखरं भिकाच्या बंदुकीनं संपवली. दोन वर्षांत रान आजारी पडलं. ऐनाचे शेंडे वाळले, सालीखालून भुसा गळू लागला. नव्या ढोल्या कोरायला कुणी उरलं नाही, तेव्हा पोपट आणि साळुंक्या जुन्या ढोल्यांसाठी एकमेकांची पिसं उपटू लागल्या. आणि दिलावर आंधळ्यासारखा झाला. धोका नको म्हणून तो बहुतेक झाडांना पोकळच म्हणायचा. एकदा सावळेरामनं चिडून असलं एक झाड पाडलं, तर ते लोखंडासारखं भरीव निघालं. रानाशेजारचं सगळं घोडेगाव फिदीफिदी हसलं.

अशात ओझरच्या हौशीरामनं नवी विहीर काढली. खोदणाऱ्यांना दोरानं खाली सोडायला विहिरीवर आडवी तुळई हवी होती. ऐनाच्या एका झाडाखाली चौघं जमले: हौशीराम, सावळेराम, दिलावर आणि दोराला लोंबकळून विहिरीत उतरणारा सोपान. सोपानचं घर रानाच्या उताराखालीच वाडीत होतं.

"आज बी जर उगाच पोकळ म्हनलास," सावळेराम गरजला, "तर उद्यापासनं माझ्या रानात पाय टाकायचा न्हाई!"

दिलावरनं कुऱ्हाडीची पाठ हाणली. हाताला झिणझिण्या आल्या, बाकी काही नाही. त्यानं वर बघितलं. फांद्या मोकळ्या. "भरीव" हा शब्द जिभेवर आलाच होता, तेवढ्यात कमरेला दोराचा वेढा घेत सोपान हसला.

"दिलावरभाई बोलले की मी डोळं झाकून उतरतो, राव."

कुऱ्हाड खाली टाकून दिलावर म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली."

सावळेराम आधी हसला. मग त्याचं तोंड काळवंडलं. "मंग आजवर काय आमची थट्टा चालवलीस?"

"पाखरू सांगायचं. किडा असंल तिथं ते जायचं. तुमी ते मारलं, आन् मी बगत उभा राह्यलो."

हौशीराम त्याच्या पायाशी थुंकला. सावळेरामनं गचांडी धरली. सोपान मात्र जागचा हलला नाही. तो हिशेब करत होता. दिलावरच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्यानं एकेक शब्द तोडून विचारला, "पाखरं मेल्यावर किती लाकडं चांगली म्हनून दिलीस?"

"येकच."

"कुनाला?"

दिलावरनं उताराखाली बोट दाखवलं. "तुझ्या घराचं आढं, सोपान."

सोपान दोर कमरेलाच ठेवून उतारावरून धावत सुटला. मागून दिलावर, खांद्यावर करवत. घरात आढ्याला झोळी बांधलेली होती आणि झोळीत तीन महिन्यांची पोर निजलेली. सोपाननं ती उचलून बायकोच्या, साळुबाईच्या, हातात कोंबली. "भाईर हो!" दुपार कलायच्या आत वाडीतल्या माणसांनी कौलं उतरवली, वासे काढले, आढं अंगणात आणून टाकलं. दिलावरनंच त्याला करवत लावली. बोटभर लाकूड कापलं आणि करवत एकदम आत घुसली. पांढरा भुसा भळाभळा सांडला, त्यातून अंगठ्याएवढा किडा वळवळत बाहेर आला. झोळीची दोरी जिथं बांधलेली असायची, तिथं फक्त वरचा पातळ पापुद्रा उरला होता.

कुणी त्याचे आभार मानले नाहीत. का मानावेत? साळुबाई पोरीला छातीशी धरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तुझा शब्द म्हनून मी माझी पोर याच्याखाली निजवली. रोज निजवली."

दिलावरनं ते तिच्या ओठांवरून वाचलं. एकही शब्द चुकला नाही.