तुसाच्या भिंतीतला मराठी अर्धा तास

रायपूरच्या स्टेशनबाहेर पाऊल टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माझं रिक्षावाल्याशी भांडण झालं, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

"चौबे कॉलोनी?" मी विचारलं.

"हव," तो म्हणाला.

"क्या हवं?" मी आवाज चढवूनच विचारलं. नाशिकहून निघताना बायकोनं बजावलं होतं, परमुलखात कोणी काही मागितलं तर द्यायचं नाही. तो हसून पुन्हा म्हणाला, "हव, हव." मी बॅग उराशी धरून दुसऱ्या रिक्षाकडे गेलो. त्यालाही हवंच होतं. तिसऱ्यालाही. अखेर त्या तिसऱ्यालाच माझी दया आली आणि त्यानं हिंदीत उलगडा केला, की छत्तीसगडीत 'हव' म्हणजे 'हो'. तीन भले लोक मला हो म्हणत होते आणि मी त्यांना खंडणीखोर ठरवून मोकळा झालो होतो. मुकाट्यानं रिक्षात बसलो.

मी आलो होतो तो माझ्या मावसबहिणीच्या, कुंदाताईच्या हुकमावरून. ती मूळची वर्ध्याची. लग्न होऊन रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर रायपूरला आली आणि इथलीच झाली. इथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर नऊ वर्षं दर रविवारी दुपारी चार वाजता ती 'मराठी अर्धा तास' सादर करायची. केंद्राची धाव आसपासच्या वस्त्यांपुरती. ते बंद पडून तीन वर्षं झाली. आता त्याची इमारत भाड्यानं जाणार होती, म्हणून जुन्या निवेदकांनी तिथे श्रोत्यांचा शेवटचा मेळावा ठेवला होता, तोही रविवारीच.

"काहून इतका उशीर केला बाप्पा? चीला थंडा होऊन राहिला," दारातच कुंदाताईनं स्वागत केलं. चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं. सोबत फरा (तांदळाचे उकडलेले मुटके) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. तिची मुलगी ऋचा वाढत होती. कुंदाताई मराठीत विचारायची, ऋचा हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी तीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलेला माणूस. माझा घास मात्र दर वाक्याला अडकत होता.

ओट्यावर चिवड्याचे दोन मोठे डबे भरून ठेवलेले दिसले.

"किती लोक यायचे आहेत ताई?"

"मेसेज तर शंकर नगरपर्यंत गेला आहे," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण उगाच पुन्हा लावत तिनं आवाज खाली आणला. "हे पाह्य, छत्तीसगडी गाण्यांच्या कार्यक्रमाले पोतं भरून पत्रं येत. माह्या कार्यक्रमाले नऊ वर्षांत एक पत्र आलं. अक्षर पाहिलं तर आमच्या यांचंच."

मी हसलो. ती हसली नाही.

"आता ते बी नाहीत. नवऱ्यानं ऐकलं ते काही ऐकलं धरत नाही. एका तरी परक्या माणसानं ऐकलं का, एवढंच मले पाहायचं आहे. नाही तर नऊ वर्षं मी भिंतीशीच बोलली म्हणायचं."

मला एकदम वाईट वाटलं. चिवडा चांगला झालाय एवढंच मी म्हणू शकलो.

दुपारी आम्ही ब्राह्मणपाऱ्याकडे निघालो. पारा म्हणजे आळी. जुनी घरं, देवळं, दुकानांचे ओटे, आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या स्कूटरी. एका हातगाडीवर पाटी होती : 'यहाँ गुपचुप मिलता है'. जे गुपचुप मिळतं ते असं मोठ्या अक्षरांत लिहून कोण विकतं, म्हणून मी थबकलो. कुंदाताईनं मला ओढून पुढे नेलं. गुपचुप म्हणजे पाणीपुरी.

पाऱ्याच्या पलीकडच्या गल्लीत ते केंद्र होतं. केंद्र कसलं, जुना बर्फाचा कारखाना. बिनखिडक्यांचा एक मोठा चौकोनी डबा. भिंती दुहेरी, आणि थंडी बाहेर जाऊ नये म्हणून दोन भिंतींच्या मधे भाताचं तूस ठासून भरलेलं. धानाचा मुलूख, तुसाला काय तोटा? बर्फाचा धंदा बसला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की जी भिंत थंडी अडवते ती आवाजही अडवते. झाला स्टुडिओ. फक्त भिंतीला कुठे भोक पडलं की तूस गळायचं. केसांत तूस घेऊन कोणी गल्लीतून चाललं, की लोक ओळखायचे, हा रेडिओवाला.

खरी गंमत दाराची. दार वीतभर जाड आणि कडी फक्त बाहेरून, दार ओढलं की आपोआप पडणारी. बर्फाच्या लादीला आपणहून बाहेर यायचं नसतं, म्हणून आतून कडी लावायचं कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. निवेदक आत गेला की कोंडला गेला. घंटी लावून पाहिली, तर ती कार्यक्रमात वाजायची. फोनला आत रेंज नाही. कडी बसवायची तर दार भोसकावं लागणार आणि दारातही तूस, म्हणून केंद्राच्या समितीनं तो विषय नऊ वर्षं पुढच्या बैठकीवर ढकलला.

मग बाहेर कसे यायचे? दाराला लागूनच समारू नावाच्या चहावाल्याची टपरी होती. तो टपरीवर हेच केंद्र लावून बसायचा. कार्यक्रम संपला की हिंदीवाले निवेदक सरळ प्रसारणातच म्हणत, "समारू भैया, खोलो!" की तो उठून कडी काढायचा. सगळ्या वस्त्यांना ते ऐकू जायचं. समारू हा कोणी मोठा गायक असावा असं समजून त्याच्या गाण्याच्या फर्माइशी येऊ लागल्या होत्या.

"मी तसं कधी म्हटलं नाही," कुंदाताई म्हणाली. "रेडिओवर घरगुती बोलायचं नाही. मी आपला निरोप घ्यायची, तेवढ्यावर तो उघडायचा."

रेडिओवर ती 'मले-तुले'सुद्धा बोलत नसे. चपला आणि वऱ्हाडी दोन्ही दाराबाहेर काढून ती आत जायची आणि पुस्तकात छापावी अशी मराठी बोलायची.

इमारत आता एका मौन केंद्राला जाणार होती. त्याचा व्यवस्थापक पांढऱ्या झब्ब्यात हजर होता. "यहाँ न आवाज़ आती है, न जाती है," तो खुशीत म्हणाला. मी विचारलं, आत मौनात बसलेल्या माणसाला बाहेर यायचं असेल तर तो सांगणार कसा? यावर तो गप्प झाला. ते त्याच्या धंद्याला धरूनच होतं.

मेळाव्याला गर्दी बरी होती. छत्तीसगडी गाणी लावणाऱ्या निवेदकाला हार पडत होते, ढोलक आली होती, अंगणात समोसे फिरत होते. कुंदाताई डबा उघडून मराठी मंडळींच्या घोळक्यात शिरली.

"तुम्ही ऐकायच्या का माहा कार्यक्रम?"

"ऐकायचं फार होतं हो," एक बाई चिवडा घेत म्हणाल्या. "पण चारची वेळ म्हणजे डोळा लागायची."

"चालू आहे हे मले माहीत होतं," एक गृहस्थ म्हणाले. आपण मोठाच हातभार लावला असा त्यांचा चेहरा होता.

"मेरी मम्मी सुनने वाली थीं," एक तरुणी म्हणाली.

म्हणजे ऐकणार सगळेच होते. चिवड्याला मात्र मनापासून दाद मिळत होती. पहिला डबा संपला, तेव्हा कुंदाताईच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना. तिला तिथून हलवावं म्हणून मी म्हटलं, "चल, मला आतली खोली दाखव."

आम्ही आत गेलो आणि मी शहाण्यानं सवयीनं दार मागे ओढून घेतलं. बाहेर खाडकन कडी पडली.

"गेलं आता! काहून ओढलं रे?"

फोन पाहिला, रेंज नाही. दारावर बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. तुसानं सगळं गिळलं. बाहेर ढोलक वाजत असणार, पण आत आपलंच कानातलं रक्त ऐकू येत होतं. एक पिवळा दिवा तेवढा चालू होता. जिथे पूर्वी माइक असायचा त्या टेबलाशी कुंदाताई बसली. तिनं घड्याळ पाहिलं. चार वाजले होते.

"चल," ती म्हणाली. "कोणी नाही तर तू ऐक."

तिची पाठ ताठ झाली आणि आवाज बदलला. "नमस्कार, श्रोतेहो. मराठी अर्ध्या तासात आपले स्वागत आहे." पुढचा अर्धा तास एका रिकाम्या बर्फखान्यात माझी सख्खी मावसबहीण मला 'श्रोतेहो, आपण' असं म्हणत होती. आधी हवामान सांगितलं. मग डाळिंबी उसळ. मग उन्हाळ्यात डोळ्यांची निगा. मला सुरुवातीला हसू आवरेना. नंतर आवरलं. ती फार चांगलं बोलत होती, आणि हे ऐकायचं सोडून सगळे झोपले कसे, याचा मला राग यायला लागला.

"तर श्रोतेहो, आता निरोप घेते. नमस्कार."

तिनं टेबलावरचा नसलेला खटका बंद केला आणि त्याच क्षणी बाहेरची कडी वाजली.

दारात साठीचा एक माणूस उभा होता. गळ्यात गमछा, हातात किटली.

"नमस्कार," तो म्हणाला. "दार बंद दिसले. आपला कार्यक्रम साडेचारला संपतो, म्हणून आता उघडले."

मी तोंडाकडे बघत राहिलो. इतकी स्वच्छ मराठी मी नाशिकमध्येही बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. कुंदाताई तर जागेवरून उठायचीच विसरली. आयुष्यभर ती त्याच्याशी 'समारू भैया, चाय देना' याच्यापलीकडे बोलली नव्हती.

"तुले मराठी येते?"

समारू गोंधळला. "क्षमा करा. ती घरची मराठी मला समजत नाही. मला फक्त रेडिओची येते." मग त्यानं दोन कप भरले आणि गंभीरपणे म्हणाला, "साखर चवीनुसार घालावी."

"पण शिकलात कुठे तुम्ही?" मी विचारलं.

त्याची मराठी इथे संपली आणि तो हिंदीवर आला. "सब लोग मुझे नाम से बुलाते थे, समारू, खोलो। दीदी अकेली मराठी में बुलाती थीं।"

"मी? काय म्हणून बोलवायची मी?"

"श्रोतेहो."

कुंदाताईचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"दीदी आख़िर में बोलतीं, तर श्रोतेहो, और मैं खोलता था। मैं समझ गया, मराठी में मुझे श्रोतेहो कहते हैं।" तो लाजून हसला. "पर दीदी बीच में भी बहुत बुलाती थीं। 'श्रोतेहो, आज आपण भरली वांगी करू या.' मैं उठकर दरवाज़े तक जाता, तो दीदी तो वांगी बता रही हैं। फिर बैठ जाता। अब कौन-सा श्रोतेहो दरवाज़े वाला है, ये पकड़ने के लिए पूरा सुनना पड़ता था। साल भर कुछ समझा नहीं। फिर समझने लगा।"

"आणि वांगी?" मी विचारलं.

"घरी करतो. दाण्याचा कूट, चिंच, गूळ." तो अभिमानानं म्हणाला. "बाई हमारी उसको रेडियो वाला भाँटा बोलती है।" बाई म्हणजे बायको, भाँटा म्हणजे वांगं.

"नऊ वर्षं," कुंदाताई हळूच म्हणाली, अगदी रेडिओच्या मराठीत. "आपण दर रविवारी ऐकत होता?"

"ऐकले नसते, तर आपण आतच राहिला असता."

कुंदाताई तिथेच उंबरठ्यावर बसली आणि रडायला लागली. मधेच हसायची, पुन्हा रडायची. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. शेवटी पदरानं तोंड पुसून ती खेकसली, "काहून नाही सांगितलं रे इतके दिवस?"

समारूनं माझ्याकडे पाहिलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा मराठीचं मराठीत भाषांतर केलं. "आपण हे आजवर का सांगितले नाही?"

"आपण कधी विचारले नाही," तो तिला म्हणाला. "आपण निरोप घेत होता."

दुसरा, न उघडलेला डबा कुंदाताईनं अख्खा त्याच्या टपरीवर ठेवला. मराठी घोळका अंगणातून त्या डब्याकडे बघत होता. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी ती मला स्टेशनवर सोडायला आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "त्याले सांगितलं नाही मी, श्रोतेहो म्हणजे काय ते. तू बी कोणाले सांगू नको."

दुर्ग स्टेशन येईपर्यंत मी व्याकरणाचाच विचार करत बसलो. 'श्रोतेहो' हे अनेकवचनी संबोधन आहे, ते एका माणसाला लावता येत नाही, हे मी वर्षानुवर्षं मुलांना घोकायला लावलं होतं. समारूची समजूत नियमानं साफ चूक. पण मग आठवलं, की मराठीत मान द्यायचा असला म्हणजे एकट्या माणसालाही आपण अनेकवचनच वापरतो. म्हणजे कुंदाताईचं नऊ वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं.