मोठ्या आईच्या घरचं नेट

माझी नात पहिल्यांदा चालली ते माझ्या जावेनं पाहिलं. मी नाही पाहिलं. त्या संध्याकाळी माझ्या मोबाइलवर लेकीचा चेहरा तोंड अर्धवट उघडून थांबला होता आणि त्याच्या मधोमध एक गोल फिरत होतं. मी मोबाइल उंच धरून अंगणभर फिरले, न्हाणीच्या ओट्यावर चढून पाहिलं, मग फोनच कटला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून जाऊबाईंच्या टाळ्या ऐकू आल्या, "ये, ये, माय माझी, ये." लेकीनं माझा नाद सोडून त्यांना फोन लावला होता.

कारंज्यात आमची दोन घरं एकाला एक लागून आहेत. एकात आम्ही नवराबायको, दुसऱ्यात मोठी जाऊ. भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा-सून पुण्याला असतात, त्यांना मूलबाळ नाही. माझी एकुलती एक लेक बंगलोरला. लहानपणी ती दोन्ही घरांत जेवायची, जाऊबाईंना मोठी आई म्हणायची, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. उलट मी अनसिंगला माहेरी गेले की ती त्यांच्याकडे राहते याचा मला आधार असायचा. नात झाली आणि माझं मन आखडलं.

आमच्या घरी नेट होतं ते केबलवाल्याचं. टीव्हीची तार आली तिच्याच सोबत त्यानं नेटची आणून दिली होती. दुपारी ते नुसतं पळायचं. संध्याकाळी गल्लीतले सगळे घरी आले, पोरं मोबाइल घेऊन बसली, की अडखळायला लागायचं. आणि लेक ऑफिसातून सुटून फोन करायची ती नेमकी तेव्हाच. जाऊबाईंनी मात्र भासऱ्यांच्या वेळचा टेलिफोन कधी काढला नव्हता. आम्ही मोबाइल आल्याबरोबर आमचा परत करून टाकला, तेव्हा त्यांना हसलो होतो. त्यांच्या मुलानं त्याच जुन्या तारेवर नेट जोडून दिलं. तो त्याला डीएसएल म्हणायचा, आमच्या दोन घरांत त्याचं नाव फोनचं नेट असं पडलं. ते फार जोरात नव्हतं, सिनेमा पाहायला बसलं तर वाट पाहावी लागायची, पण संध्याकाळीही होतं तसंच राहायचं.

लेक मला म्हणाली, "आई, तू मोठ्या आईच्या घरी जाऊन बोलत जा ना. तिथं साफ दिसते."

गेले. जाऊबाईंनी टॅब डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांची मधोमध, माझी जरा बाजूला. इंझोरीहून त्यांच्या माहेरच्या तुरीच्या शेंगा आल्या होत्या, त्या उकडून माझ्यासमोर ठेवल्या. आदर केला, त्यात काही कमी नव्हतं. पण पडद्यावर नात आली आणि सरळ त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, आजी. लेकीनं तिला समजावलं की ही आजी, ती मोठी आजी. पोरीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"अवो माय, तुझी आजी हे होय, मी नाही," जाऊबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना इतका आनंद झाला होता की पदर तोंडाला लावावा लागला. मी शेंगा सोलत बसले.

घरी येऊन मी यांना सांगितलं की आपण केबलचं नेट काढून फोनचं घ्यायचं.

यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, केबलवाला आपल्या ओळखीचा, बिघडलं की हाक मारायचा अवकाश, तो शिडी घेऊन हजर. फोनवाल्यांकडे तक्रार लिहून वाट पाहत बसावं लागेल. शिवाय पावसाळ्यात जुन्या तारेत पाणी गेलं तर खरखर सुरू होते. यांना दुपारी मोबाइलवर क्रिकेट पाहायचं असे आणि त्याला केबलचंच नेट बरं. फायबर मेन रोडपर्यंत आलं होतं, आमच्या गल्लीत कधी येईल ते कोणालाच सांगता येईना. मी पुण्याला पुतण्याला फोन करून विचारलं. त्यानंही सरळ सांगितलं की कागदावर केबलचा वेग जास्त, फोनच्या तारेचा कमी. पण बाकीची गल्ली काय करते त्यावर फोनचं नेट फारसं अडत नाही, आणि टेलिफोन ऑफिस घरापासून जवळ आहे म्हणून ते बरं चालतं. काकू, तुम्ही त्यावर काय पाहणार तेवढं ठरवा, म्हणाला.

मी काय पाहणार ते मला पक्कं ठाऊक होतं. पण ते यांना सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी केबलवाल्याच्या तक्रारी सांगत राहिले.

हे एवढ्यात जाऊबाईंच्या कानावर गेलं. त्या अंगणात आल्या, म्हणाल्या, "कायले दुसरी तार घेता? माह्यं तुह्या सैपाकघरापर्यंत येते. पासवर्ड देतो, घे."

यांनी लगेच मोबाइल पुढे केला. मी जाऊबाईंकडे पाहत होते. त्यांनी पासवर्ड सांगितला. माझ्या नातीचं घरातलं नाव होतं ते, जे लेकीनं ठेवलं होतं आणि आम्ही घरातली माणसंच घेतो. पुढे नुसतं एक-दोन-तीन.

यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, ते अक्षरं दाबत राहिले. मी आत निघून गेले. मी अशी जळत होते की जणू त्यांनी माझ्या कपाटातली वस्तू उचलून स्वतःच्या दारावर लावली होती. त्याच वेळी हेही कळत होतं की ज्या घरात लहान मूल कधी रांगणार नाही, त्या घरात हे नाव येता-जाता घेतलं जातं. हे कळल्यानं जळणं थांबलं नाही. उलट मला त्यांचा जास्त राग आला, कारण आता रागही धड करता येईना.

मोबाइल जोडला गेला. सैपाकघरात गॅसजवळ उभं राहिलं तर त्यांचं नेट खरंच येत होतं. चार दिवस मी तिथून बोलले. पण मी बोलायला लागले की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "आजीले दाखव, कसे दात आले ते," आणि पोर इकडे तिकडे पाहून त्यांना शोधायची.

मी यांना म्हटलं, "मले दुसऱ्याच्या तारेवर माह्या नातीशी नाही बोलायचं."

"दुसऱ्याच्या?" हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते टेलिफोन ऑफिसात जाऊन अर्ज देऊन आले.

लाइनमन आला तेव्हा जाऊबाईंनीच त्याला चहा दिला, आमच्या भिंतीवरची जुनी खुंटी दाखवली, जिच्यावरून पूर्वी आमची तार यायची. मला वाटलं होतं त्या रुसतील. त्या रुसल्या नाहीत. केबलचं टीव्हीपुरतं राहिलं, नेट फोनचं झालं. यांचं क्रिकेट अडकत अडकत चालायला लागलं आणि यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

माझं काम झालं. संध्याकाळी चित्र स्थिर यायचं. मी नातीसमोर पोळी लाटली, तिला आमची मांजर दाखवली, ती मला आजी म्हणायला लागली. तरी फोन ठेवताना मी लेकीला विचारायचेच, आज मोठ्या आईशी बोलली का. ती हो म्हणाली की मला झोंबायचं, नाही म्हणाली की बरं वाटायचं.

दिवाळीला लेक आली. अकोल्याहून एसटीनं, म्हणून आम्ही तिघंही स्टँडवर गेलो. जाऊबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. मी पण नवीनच नेसले होते. लेक उतरली, आणि आम्ही दोघींनी एकदमच हात पुढे केले. पोरीनं दोघींकडे पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. मोबाइलमध्ये तोंड तेवढं दिसायचं. एवढ्या मोठ्या, अंगाला वास असलेल्या दोन बाया तिनं कधी पाहिल्या नव्हत्या.

दोन दिवस ती कोणाकडेच गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक न्हायला गेली तेव्हा ती आपणहून माझ्या पायाशी आली आणि साडी धरून उभी राहिली. मी तिला उचललं. घरात करायला कामं होती, पण मी तिला कडेवर घेऊन मुद्दाम अंगणात आले, जिथून पलीकडचं दार दिसतं.

जाऊबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून, हात पुसत आल्या. "आली व तुह्याजवळ. दे ना जरा."

"आताच उठली, बाई. रडन," मी म्हटलं.

पोर रडत नव्हती. ती त्यांच्या बांगड्यांकडे पाहत होती. जाऊबाईंनी पुढे केलेले हात तसेच थोडा वेळ राहिले, मग त्यांनी तिच्या पायातलं वाकडं झालेलं पैंजण सरळ केलं आणि म्हणाल्या, "राहू दे. मंग घेईन."

त्या परत जाऊन तांदूळ निवडायला लागल्या. मी तिथंच उभी होते. किती तरी वेळ मी घरात गेले नाही.